एक शब्द आणि त्याचें पाणी

गेल्या हिवाळ्यांत एका संध्याकाळीं जुन्या जालन्यांतील आमच्या घरीं आम्ही भाषांतराच्या उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों. उताऱ्यांत एका राजकारणी पुरुषावर विरोधकांनीं 'अॅस्पर्शन' केल्याचें वाक्य होतें. बहुतेकांनीं 'खोटे आरोप केले' असें लिहून आपली सुटका करून घेतली होती. एका विद्यार्थ्यानें मात्र 'त्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले' असें लिहिलें होतें. आम्हीं त्याखालीं तांबडी रेघ ओढली, समासांत 'बोलभाषा' असा शेरा मारला आणि दोन गुण कापले. पण मनाला चुटपुट लागून राहिली, म्हणून उठून कोश काढला. आणि परीक्षा आमचीच झाली.

शब्द मूळचा लॅटिन. 'स्पार्गेरे' म्हणजे शिंपडणें, विखुरणें. त्याला 'अॅड' हा उपसर्ग लागून 'अॅस्पर्गेरे', म्हणजे कोणावर तरी पाणी शिंपडणें. विरळ या अर्थाचा 'स्पार्स' आणि पांगणें या अर्थाचा 'डिस्पर्स' हे याच कुळांतले. अर्थात् या शब्दाच्या जन्मांत निंदेचा थेंबहि नव्हता. उलट तो मोठा सोंवळा होता. रोमन कॅथलिक उपासनेंत पाद्री भाविकांवर पवित्र जल शिंपडतो, त्या विधीचें 'अॅस्पर्जिस' हें नांव याच धातूपासून आलेलें आहे. आमच्या गोमंतकीय वाचकांना तो विधि नवा नाहीं. बाप्तिस्मा देतांना माणसाला पाण्यांत बुडवावें कीं त्याच्यावर नुसतें पाणी शिंपडावें, या जुन्या वादांतहि शिंपडण्याच्या पक्षाचा शब्द हाच. आपल्याकडे याला तोलामोलाचा शब्द शोधूं जातां 'प्रोक्षण' सांपडतो. तो 'उक्ष्' म्हणजे शिंपणें या धातूचा. आणि संस्कृतांतील 'उक्षन्' म्हणजे बैल व इंग्रजींतील 'ऑक्स' हे तर सख्खे भाऊ आहेत. पण तें विषयांतर झालें.

असा हा सोंवळा शब्द ओंवळा झाला कसा? सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून निंदेचा अर्थ त्याला चिकटूं लागला, तरी पहिला अर्थ लगेच मेला नाहीं. शेक्सपियरच्या 'टेंपेस्ट'मध्यें (सुमारें 1611) प्रॉस्परो आपल्या भावी जांवयाला बजावतो कीं, विवाहविधीपूर्वीं मर्यादा सोडलीस तर या संबंधावर स्वर्गांतून कृपेची गोड वृष्टि होणार नाहीं. त्या ठिकाणीं मूळांत 'अॅस्पर्शन' हाच शब्द आहे. आजचा विद्यार्थी तेथें अडखळतो, कारण त्याच्या कानाला 'गोड निंदा' ऐकूं येते. पुढें 1755 मध्यें डॉ. जॉन्सनच्या कोशांत क्रियापदाचा अर्थ दिलेला आढळतो तो निंदेनें किंवा कुभांडानें एखाद्याला शिंतोडून काढणें, असा. हें वाचलें आणि आम्ही चपापलों. इंग्रजीचा तो महापंडित अर्थ सांगण्यासाठीं ज्या प्रतिमेचा आधार घेतो, तीच आमच्या विद्यार्थ्यानें घेतली होती. आणि आम्हीं तिच्यावर तांबडी रेघ ओढली होती!

येथें एका मोहापासून वाचकांस सावध केलें पाहिजे. 'अॅस्पर्शन' ऐकतांच कोणास 'स्पर्श' आठवेल आणि संस्कृतांतून लॅटिन शब्द निघाल्याचा साक्षात्कार होईल. असे साक्षात्कार आपल्याकडे स्वस्त आहेत. 'स्पृश्' म्हणजे शिवणें आणि 'स्पार्गेरे' म्हणजे शिंपणें. नाद सारखा लागला म्हणून नातें जुळत नाहीं. शब्दाची वंशावळ कानानें ठरवूं लागलों तर भाषाशास्त्र आणि कोट्या करणें यांत अंतर तें काय राहिलें?

मराठीचें घर मात्र या बाबतींत भरलेलें आहे. 'शिंपणें' हा शब्द जुन्या घराण्याचा. हेमचंद्रानें बाराव्या शतकांत आपल्या प्राकृत व्याकरणांत 'सिच्' धातूबद्दल 'सिंप' असा आदेश सांगितला आहे, त्याचाच हा वंशज. पण आपण एका शब्दावर भागवीत नाहीं. अंगणांत घालतात तो सडा, कारंज्याचे उडतात ते तुषार, लग्नमंडपांत अत्तराचा किंवा गुलाबपाण्याचा होतो तो शिडकावा, कलशांतल्या पाण्यानें करतात तें प्रोक्षण, आणि चाकाखालून येतात ते शिंतोडे. यांतील एकाच्या जागीं दुसरा घालून पाहावा. मंडपांत 'गुलाबपाण्याचे शिंतोडे' उडाले तर व्याही रुसून बसतील. तरी शिंतोडा स्वतः अपराधी नाहीं. पावसाचे शिंतोडे येतात, त्यांत कोणाची निंदा नसते. आमच्या या कोरड्या मुलखांत तर त्यांचें कौतुकच होतें. 2012-13 च्या दुष्काळांत टँकरचें पाणी मोजून वापरतांना आमच्या अंगणांतला सडा सुद्धां बंद पडला होता. शिंतोडे आपले आपण पडले कीं निष्पाप, कोणीं 'उडविले' कीं दूषण. सारी करामत त्या क्रियापदाची आहे, आणि विद्यार्थ्यानें तें अचूक योजिलें होतें.

जालना 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, त्यामुळें येथल्या कानाला 'छींटा' हा शब्दहि परका नाहीं. छींटा म्हणजे शिंतोडा. आणि टोमणे मारण्याला उर्दूंत 'छींटाकशी' म्हणतात. म्हणजे लॅटिन, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा निंदेसाठीं एकाच पाणवठ्यावर येतात. एवढेंच नव्हे, कापडावर ठिपके उडवावेत तशी नक्षी म्हणून 'छींट' हें कापडाचें नांव झालें. आपल्या आज्या ज्याला चीट म्हणत तेंच हें, आणि सतराव्या शतकांत विलायतेंत जाऊन तेंच 'चिंट्झ' झालें. तेथें त्याची अशी चटक लागली कीं, देशी विणकरांच्या रक्षणासाठीं पार्लमेंटला 1700 आणि 1720 सालीं कायदे करून हिंदी छापील कापडाला अटकाव करावा लागला. पुढें त्याच शब्दापासून 'चिंट्झी' म्हणजे सवंग, भपकेबाज असें विशेषण निघालें. जॉर्ज एलियटच्या 1851 च्या एका पत्रांत तें आढळतें. आपल्याच ठिपक्यांनीं परदेशीं जाऊन आपल्यावर शिंतोडे उडविले म्हणावयाचे!

आतां मुद्याचें. आज इंग्रज वाचक 'अॅस्पर्शन' म्हणतो तेव्हां त्याला पाणी दिसत नाहीं. शब्द वाळून कोरडा ठणठणीत झाला आहे. मराठींतला 'शिंतोडे' अजून ओला आहे. ऐकतांच धोतरावरचा डाग दिसतो. म्हणून भाषांतर मूळापेक्षां सरस उतरलें, असें आम्ही म्हणतों. 'मिथ्यारोप', 'दोषारोपण' हे संस्कृत शब्द प्रतिष्ठित खरे, पण न्यायालयांतले. त्यांत आरोप करणारा समोर उभा असतो. शिंतोडे उडविणारा बहुधा पुढें निघून गेलेला असतो. हा भेद 'अॅस्पर्शन'मध्यें आहे, 'आरोपा'त नाहीं. मात्र प्रॉस्परोच्या तोंडीं शिंतोडे घालूं नयेत. तेथें शिडकावाच हवा.

दुसऱ्या दिवशीं त्या विद्यार्थ्याला बोलावून, हा शब्द कोणत्या कोशांत पाहिलास म्हणून विचारलें. तो मंठ्याकडच्या एका खेड्यांतला. जरा ओशाळून म्हणाला, "कोशांत नाहीं सर. आमच्या फाट्यावर मोठा खड्डा आहे. पावसाळ्यांत शाळेचे पांढरे कपडे घालून उभें राहिलें, कीं मोटार यायची आणि निघून जायची." आम्हीं पत्रिका मागवून घेतली, शेरा खोडला आणि दोन गुण परत दिले.