मानमंदिराचे हत्ती, पाटावरचा हत्ती

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिर या राजवाड्याच्या भिंतीसमोर उभं राहिलं की आधी बदकं लक्ष वेधून घेतात. पिवळी, एकामागून एक चाललेली. मग हत्ती दिसतात, मगरी दिसतात, वाघ दिसतात आणि या सगळ्या आडव्या चालीत मध्येच उभी राहिलेली केळीची झाडं. निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत फरशांचं हे काम राजा मानसिंह तोमराच्या काळातलं, म्हणजे 1486 ते 1516 मधलं. 1528 साली बाबर इथे आला, तेव्हा बाहेरच्या भिंतीवरच्या या केळी त्याच्या नजरेत भरल्या आणि त्याच्या आत्मचरित्रात त्यांची नोंद झाली.

हे चित्र वाचायचं तर कारागिराची अडचण आधी समजून घ्यावी. भट्टीतून निघालेल्या फरशीचा रंग दुसऱ्या रंगात मिसळता येत नाही. छाया नाही, उजेड नाही, कातडीवरच्या सुरकुत्या नाहीत. हाताशी उरते ती फक्त बाह्यरेषा. मग हत्तीचं हत्तीपण कशात आहे? पाठीच्या कमानीत, खाली उतरणाऱ्या सोंडेत, पायांच्या जाडीत. बाकीचं सोडून दिलं आहे आणि काहीही उणं वाटत नाही. या सोडून देण्यातच मला त्या कारागिराची थोरवी दिसते.

आकृतींच्या मधली मोकळी जागाही तितकीच बोलकी आहे. एकच आकार ठरावीक अंतराने परत येतो, म्हणून बदकं थांबलेली वाटत नाहीत, चालतात. त्या चालीत केळीचं खोड उभा छेद देतं आणि लांबट पानं दोन्ही बाजूंना झुकून तो छेद मऊ करतात. मागे केवढे गोल, भारदस्त बुरूज, खाली तुटलेला कडा. इतका दगड पेलणाऱ्या भिंतीला हे रंगीत पट्टे हलकं करून टाकतात. महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेली मुलं ज्याला संकल्पचित्र म्हणतात, त्याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. पुनरावृत्ती, तोल, रिकामी जागा, मोजके रंग: सगळं इथे पाचशे वर्षं उघड्यावर, ऊनपावसात मांडून ठेवलेलं आहे.

किल्ल्याच्या पूर्वेला थाटीपुर. मानमंदिराची मुख्य भिंतही पूर्वेकडेच तोंड करून आहे. तरी या वस्तीतल्या शाळकरी मुलाच्या चित्रवहीत ते हत्ती क्वचितच उतरतात. ‘आपली संस्कृती’ हा विषय दिला की मुलं मोबाइलवर शोधतात आणि त्रिकोणी धडांची वारली माणसं काढून आणतात. वारली चित्रांवर माझा जीव आहे, म्हणूनच हे खटकतं. डहाणू-पालघरकडच्या घरात गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने बायका लग्नाचा चौक लिहितात, तेव्हा त्या रेषेला एक घर असतं, एक देवी असते. व्हिडिओ पाहून उतरवलेल्या किनारीत त्यातलं काहीच येत नाही. आणि ग्वाल्हेरची स्वतःची चितेरा परंपरा, लग्नघराच्या दाराभोवती गणपती, हत्ती, घोडेस्वार रंगवणारी, ती जवळ असून मुलांना परकी राहते.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत आणखी एक हत्ती आहे. 1810च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे स्थिरावली, तिचं लष्कर हे शहर झालं, आणि माणसांबरोबर त्यांचे सणही आले. आश्विनात भोंडल्याच्या पाटावर रांगोळीचा हत्ती काढतात. चिमटीतून सुटलेली रांगोळी खोडरबरने पुसता येत नाही. म्हणून काढणारी मुलगीही नेमकं तेच करते जे फरशी कापणाऱ्याने केलं: पाठ, सोंड, चार पाय, आणि थांबते. सोंडेचं वळण ती आईच्या हाताकडे बघून शिकते, पण दर वर्षी ते थोडं तिचं स्वतःचं होत जातं. आणि याच आश्विनात शेजारची हिंदीभाषक मुलं तीन काड्यांवर उभा केलेला टेसूचा पुतळा घेऊन दारोदार फिरतात, मुली भोकं पाडलेल्या मडक्यात दिवा ठेवून झांझी नेतात. थाटीपुरच्या मराठी मुलाचे सगेसोयरे यांतले कोणते? माझ्या मते दोन्ही.

आज ‘हत्ती काढ’ असं यंत्राला सांगितलं की क्षणात एक हत्ती तयार होतो. अंगावर झूल, माथ्यावर रत्नं, मागे मावळतीचं आकाश. त्यात सगळं आहे, पण काय सोडायचं हा निर्णय मुलाने घेतलेला नाही. चित्रकलेच्या तासाचं खरं काम तो निर्णय मुलाकडून घडवून आणणं हे आहे, आणि मुलाची ओळखही मला तिथेच घडताना दिसते. फेटा बांधून किंवा नऊवारी नेसवून काढलेल्या फोटोत ती इतक्या सहजी सापडत नाही. 2020च्या शैक्षणिक धोरणाने कलेला अभ्यासात मानाची जागा दिली, एनसीईआरटीने 2024 साली सहावीसाठी ‘कृती’ हे कलेचं पुस्तकही आणलं. पण वेळापत्रकातला तो तास गणिताच्या उजळणीला गेला, तर पुस्तक तरी काय करणार?

मोबाइल मात्र मुलांच्या हातातून काढून घेऊ नये. तो मानमंदिराखाली फार उपयोगी पडतो. उंचावरच्या ज्या फरशा नुसत्या डोळ्यांना निळा ठिपका वाटतात, त्या कॅमेऱ्यात जवळ येतात. दोन तुकड्यांमधला सांधा दिसतो, झिजलेली कड दिसते, कुठे फरशी गळून नुसता खळगा उरलाय तेही कळतं. शिक्षकांनी या गळालेल्या जागांचेच फोटो मुलांना काढायला सांगावेत. मग वर्गात परतून लांब कागदाच्या पट्टीवर आजूबाजूच्या आकृती नुसत्या बाह्यरेषेने उतरवायच्या आणि मधली रिकामी जागा प्रत्येकाने आपापली भरायची, दोनच रंगांत, खोडरबर न वापरता. कुणी तिथे पाटावरचा हत्ती उभा करील, कुणी टेसू. शेजारच्या बदकाशी त्याचा तोल जमतो की नाही, यावर वर्गात भांडण झालं तर शिक्षकांनी ते लगेच मिटवू नये.