पाकग्रंथ आणि नित्याचे ताट

पाकग्रंथाकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही. तथापि ग्रंथाची रचना ही विषयाचे स्वरूप कसे ठरविते, ह्याचे बोलके उदाहरण तेथेच सापडते. कमलाबाई ओगले ह्यांच्या ‘रुचिरा’चेच (१९७०) पाहावे. सारे अंदाजावर न सोपविता वाटी-चमच्याचे माप देऊन तिने नवशिक्या गृहिणींची मोठी सोय केली, हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु मापाला धरून चालणाऱ्या ग्रंथाचे एकक ‘पदार्थ’ हेच असते. आणि घरातील नित्याचे जेवण पदार्थांच्या बेरजेने सिद्ध होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या शाकाहारी घरचे ताट घेऊ. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण किंवा येसराची आमटी, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची वा कारळाची चटणी, कांदा; एवढाच विस्तार. ह्यांपैकी भाकरीची कृती लिहू गेल्यास ती दोन ओळींत संपते, आणि त्या ओळी वाचून कोणालाही भाकरी येत नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ ताजे असेल तर साध्या पाण्यानेही भाकरी थापता येते. दळून दिवस लोटले की पिठाची विरी जाते, कडा फाटू लागतात, मग उकळते पाणी घालून ते मळावे लागते. पाणी किती, हे वाटी सांगत नाही, पीठ सांगते. येसराचेही तसेच. धान्ये, डाळी व मसाले भाजून दळलेले हे पीठ डब्यात तयार असते व भाजी नसलेल्या दिवशी आमटीला दाटपणा आणि चव देते. म्हणजे आजच्या आमटीची अर्धी कृती कित्येक दिवसांपूर्वीच झालेली असते! आरंभी ‘साहित्य’ देऊन मोकळ्या होणाऱ्या ग्रंथाला हा काळ मांडता येत नाही. ज्वारी भरडून काढलेल्या कण्या आंबाडीच्या भाजीत पडतात. उरलेली भाकरी सकाळी कुस्करून फोडणीस जाते. एकाचा शेवट तो दुसऱ्याचा आरंभ.

सणाचे अन्न मात्र लेखणीखाली सहज येते. वेळअमावस्येची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे ह्यांवर हौसेने लिहिले जाते. ही खोड जुनीच. जिल्ह्याच्या सीमेपलीकडील कल्याणीच्या (आजचे बसवकल्याण) तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, बाराव्या शतकात, मांडे-वड्यांचे वर्णन आहे, पण ते ‘अन्नभोग’ म्हणून, राजाच्या उपभोगांत.

ही उणीव केवळ वाङ्मयीन नव्हे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी नाइलाजाने खाल्ली. तो एका आपत्तीचा काळ होता व तो सरला. पुढे खरिपाच्या शेतात सोयाबीन आले, ते सरले नाही. ते बाजारात जाते, घरच्या आमटीत पडत नाही. हुलगा मागे पडला, त्याबरोबर शेंगोळ्यांचा दिवसही. शेंगोळ्यांची कृती छापील मिळेल. ते कोणत्या दिवसांत, कोणती भाजी नसताना केले जात, हे मिळणार नाही. ते सांगू शकणाऱ्या स्त्रिया आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून पाककृती उतरवून घेऊ नयेत. एकाच घरातील वर्षभराच्या रोजच्या ताटाची नोंद करावी, आणि पीठ कधी दळले होते तेही तीत लिहावे.