टाकी, नळ आणि अर्धीच शिकवलेली वीज

शाळेत वीज शिकवताना एक उपमा ठरलेली असते. गच्चीवरची टाकी आठवा. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, नळाची धार म्हणजे करंट आणि अरुंद पाइप म्हणजे रेझिस्टन्स. तुम्हीही असंच शिकला असाल. आज या उपमेची जरा उलटतपासणी करूया.

आधी तिच्या बाजूने बोलतो. उपमा वापरण्यात कमीपणा नाही. खुद्द गेओर्ग ओहमने ती वापरली. 1827 च्या पुस्तकात त्याने तारेतल्या विजेचं गणित फूरिएच्या उष्णतावहनाच्या गणितावर बेतलं. पण त्याआधी त्याने भरपूर मोजमापही केलं होतं. तेव्हाच्या बॅटरीचं व्होल्टेज स्थिर राहीना, म्हणून त्याने बिस्मथ आणि तांब्याचं थर्मोकपल घेतलं. त्याचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवून त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारा तपासल्या. म्हणजे उपमेला मोजमापाचा आधार होता.

टाकीची उपमाही एक कोडं छान सोडवते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर डीसी करंट जात असेल, तर इलेक्ट्रॉन तासाभरात सरासरी जेमतेम 26 सेंटीमीटर सरकतात. घरातल्या एसीत तर ते जागच्या जागी हेलकावतात. मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? कारण पाइप आधीपासून भरलेला असतो. इथपर्यंत उपमा शंभर टक्के कामाची.

आता पहिली खोट. टाकीचं पाणी बादलीत पडलं की गोष्ट संपते. परतीचा पाइप त्या चित्रात नसतोच. म्हणून मुलांना वाटतं, की दिवा करंट 'खातो'. हा गैरसमज 1980 च्या दशकापासून विज्ञानशिक्षणाच्या संशोधनात वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा नोंदला गेलाय. खरं तर दिव्यात जितका करंट जातो, तितकाच बाहेर येतो. वापरली जाते ती ऊर्जा.

दुसरी खोट जिवावर बेतणारी आहे. नळ बंद केला, धार थांबली, म्हणजे धोका संपला असं आपण धरून चालतो. पण वायरिंग करताना स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर टाकला असेल तर? बटण बंद केल्यावर दिवा विझेल, पण होल्डरमध्ये 230 व्होल्ट तसेच राहतील. धार थांबली, दाब नाही थांबला! ओल्या फरशीवर उभं राहून तुम्ही तिथे बोट लावलंत, की परतीचा रस्ता तुम्हीच.

आणि गंमत बघा, बंद नळामागेही दाब असतोच की. म्हणजे हा मुद्दा उपमेत होता. शिकवताना आपणच तो गाळला. माझी तक्रार उपमेपेक्षा या अर्धवट शिकवण्याबद्दल जास्त आहे.

आरसीसीबी नेमकी हीच उणीव भरून काढतो. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो. घरगुती आरसीसीबी बहुधा 30 मिलिअँपिअरचा असतो; फरक तेवढा झाला की तो सप्लाय तोडतो. टाकीच्या चित्रातून हरवलेला परतीचा पाइप तो विसरत नाही.

टेस्टरचंही तसंच. तो पेटला तर दाब आहे हे कळतं, पण पेटला नाही म्हणून बिनधास्त होऊ नका. लाकडी स्टुलावर उभे असाल किंवा लख्ख ऊन असेल, तर त्याचा मिणमिणता उजेड दिसेलच असं नाही. दिव्याचा होल्डर उघडण्याआधी मेन स्विच बंद करा.

तुम्ही शिक्षक असाल किंवा घरी मुलांना शिकवत असाल, तर पाण्याचं चित्र टाकून देऊ नका. फक्त टाकीच्या जागी पंप काढा, पाइप फिरवून पंपाकडे परत आणा आणि शेवटी एवढं विचारा: 'नळ बंद आहे, मग दाब कुठे आहे?'