‘फिराक’ : तुकड्यांतले सत्य

उत्तर-आधुनिक समाजात सर्वांना सामावणारे एकच महाकथन उरत नाही, असे म्हणतात. एम. एस. सथ्यूंच्या ‘गर्म हवा’त (१९७३) आग्र्याच्या सलीम मिर्झांच्या एका घरातून फाळणीनंतरचे मुस्लिम जीवन उलगडत जाते. नंदिता दास यांच्या ‘फिराक’मध्ये (२००८) असा नायक नाही. २००२ च्या गुजरात दंगलीनंतरचे तुकडे तेवढे आहेत : जळालेल्या घरात परतणारी मुनीरा, वडिलांना शोधणारा छोटा मोहसीन, दिल्लीला निघू पाहणारा समीर. विखुरलेल्या समाजाची कथाही विखुरलेलीच असणार. पण सत्ये अनेक असली म्हणून अपराध धूसर होत नाही. आसरा मागणाऱ्या बाईला आरतीने दार उघडले नाही. त्या बोचणीने ती स्वतःचाच हात पोळून घेते. या सत्याला दुसरी बाजू नाही.