‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’ : डोळे पुसून उठण्यापूर्वी

मारियुपोल हे युक्रेनमधले अझोव समुद्राकाठचे बंदर. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली आणि थोड्याच दिवसांत या शहराला वेढा पडला. वीज गेली, पाणी गेले, फोन बंद झाले. परदेशी पत्रकार निघून गेले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे तिघे युक्रेनियन मात्र मागे राहिले : मस्तिस्लाव चेर्नोव, छायाचित्रकार येवगेनी मालोलेत्का आणि वासिलिसा स्तेपानेन्को. त्यांनी तिथे जे टिपले, त्यातून चेर्नोव यांनी सुमारे दीड तासाचा हा माहितीपट तयार केला. मार्च २०२४ मध्ये त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. युक्रेनच्या चित्रपटाला मिळालेले हे पहिलेच. ते घेताना चेर्नोव यांनी सांगितले की हा चित्रपट करण्याची वेळच आली नसती तर बरे झाले असते.

चित्रपटाची मांडणी अगदी साधी आहे. दिवस पहिला, दिवस दुसरा, अशी मोजणी पुढे सरकते आणि प्रत्येक दिवशी शहर थोडे थोडे संपत जाते. सुरुवातीलाच एक बाई रस्त्यावर रडत उभी आहे. कुठे जावे तिला कळत नाही. चेर्नोव तिला सांगतात, घरी जा, सामान्य लोकांवर हल्ला होत नाही. पुढे तिच्याच वस्तीवर तोफगोळे पडतात. नंतर आसऱ्याच्या जागी ती पुन्हा भेटते, तेव्हा ते तिची माफी मागतात. हा प्रसंग त्यांना सहज कापता आला असता. तो ठेवला, म्हणूनच पुढचे सारे आपण विश्वासाने पाहतो.

माझ्या मते चित्रपटाचे खरे नायक डॉक्टर आहेत. चार वर्षांच्या मुलीला वाचवण्याची त्यांची धडपड अपुरी पडते आणि डॉक्टरच कॅमेऱ्याला सांगतात, हे टिपा, जगाला दाखवा. ९ मार्चला प्रसूतिगृहावर बॉम्ब पडतो. स्ट्रेचरवरून नेल्या जाणाऱ्या गरोदर बाईचे चित्र जगभर गेले. ती आणि तिचे बाळ दोघेही वाचले नाहीत. पण त्याच शहरात दुसरे एक बाळ जन्मते. ते रडत नाही. सगळे त्याला चोळत राहतात, आणि मग एकदाचा टाहो फुटतो. सबंध चित्रपटात आनंदाने डोळे भरून यावेत असे तेवढेच एक दृश्य. सगळे लोक कॅमेऱ्याचे स्वागत करतात असेही नाही. काही जण शिव्या देतात, तेही चेर्नोव यांनी झाकलेले नाही.

दोष सांगितले पाहिजेत. मधूनमधून परदेशी वाहिन्यांच्या बातम्या जोडल्या आहेत. रशियाने प्रसूतिगृहातील जखमींना नटनट्या ठरवले, तो खोटेपणा दिसण्यासाठी काही तुकडे लागतातच. पण त्यांची संख्या जास्त आहे आणि प्रत्येक वेळी आपण शहरातून उठून दिवाणखान्यात येऊन बसतो. काही ठिकाणी संगीतही नको होते. खंदकात प्रेते ठेवली जात असताना वाद्यांनी आपल्याला रडायला सांगण्याची गरज नाही. त्या खंदकाकडे पाहताना आपल्या मनात आणखी एक गोष्ट येते. ऑक्टोबर १९४१ मध्ये नाझींनी याच शहरातील हजारो यहुद्यांना शहराबाहेरच्या खंदकात गोळ्या घातल्या होत्या. दोन्ही घटना एक नव्हेत, आणि तसे कोणी म्हणूही नये. पण त्या मातीची ओळख आपल्याला पुस्तकातून जुनीच आहे.

मोठी उणीव दुसरीच. पत्रकार वेढ्यातून बाहेर पडतात आणि चित्रपट संपतो. त्यांच्यासारखेच जे हजारो लोक मोटारींच्या रांगेतून निघाले, त्यांचे पुढे काय झाले? एकविसावा दिवस पडद्यावर नाही. तो परक्या देशात, परक्या भाषेत, कुठल्यातरी कार्यालयाच्या खिडकीपुढे उजाडला.

कोणी विचारील, आपले दुःख कमी आहे का? ७ ऑक्टोबर २०२३ नंतर स्देरोत आणि किर्यात श्मोना रिकामे झाले, अश्कलोनमध्ये आपल्या म्हाताऱ्या माणसांनी मामादमध्ये रात्री काढल्या. आता दुसऱ्यांचे युद्ध कशाला पाहायचे? प्रश्न रास्त आहे. पण दुःखाची रांग नसते की आपला नंबर झाल्यावरच दुसऱ्याचा यावा. उलट सायरन ऐकून जिना उतरलेल्या माणसालाच मारियुपोलच्या तळघरातला अंधार लवकर समजतो.

आपल्या देशाने युक्रेनसाठी काय केले? मार्च २०२२ मध्ये इस्रायलने पश्चिम युक्रेनमधील मोस्तिस्का गावी इस्पितळ उभारून सुमारे सहा आठवडे चालवले. कीवमध्ये जन्मलेल्या गोल्डा मेईर यांचे नाव त्याला दिले होते. हे अभिमानाचे. पण त्याच महिन्यात परतीच्या कायद्यात न बसणाऱ्या निर्वासितांवर मर्यादा घातली गेली : आधीपासून देशात असलेले सुमारे वीस हजार, आणि नवे फक्त पाच हजार. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा रद्द केली. एकाच बॉम्बखालून निघालेल्या दोन शेजारणींपैकी एकीच्या आजोबांचा कागद सापडला म्हणून ती ओला हदाशा, दुसरी तीन महिन्यांची पाहुणी.

हा कागद बेने इस्राएलांना नवा नाही. १९६२ मध्ये विवाह नोंदवायला गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या आई, आजी, पणजीची चौकशी करण्याचे फर्मान निघाले. आपली माणसे रस्त्यावर उतरली आणि १९६४ मध्ये आपण सर्व बाबतींत यहुदी आहोत हे मान्य करून घेतले. आपण निर्वासित म्हणून आलो नव्हतो, कोणी आपल्यावर बॉम्ब टाकले नव्हते. तेव्हा बरोबरी करू नये. पण दारात उभे राहून स्वतःची आजी सिद्ध करणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मिसरात तुम्ही परके होता, याची आठवण तोराह पुन्हा पुन्हा देते ती याच कारणासाठी.

लोद, रामले, अश्दोद, बेएर-शेवा : आपण राहतो त्याच गावांत युक्रेनहून आलेली माणसेही राहतात. कुपत होलीमच्या बाकावर शेजारी बसलेली ती बाई कदाचित मारियुपोलचीच असेल. तिला पैसे देणे प्रत्येकाला जमणार नाही. पण हिब्रूतले पत्र वाचून दाखवणे, शुक्रवारी घरातले चार पदार्थ नेऊन देणे, नाव विचारून ते नीट उच्चारणे, एवढे ऐंशीव्या वर्षीही होते. पन्नाशीत अलेफ-बेत गिरवलेल्या माणसाला हे सांगायला नको.

चित्रपट जरूर पाहावा. हृदयविकार असलेल्यांनी आणि नुकताच घरात शोक झालेल्यांनी थांबावे. एकट्याने पाहू नये. आणि संपल्यावर लगेच टीव्ही बंद करून झोपायला जाऊ नये. आपल्या जिन्यावर कोण नवे राहायला आले आहे, एवढे तरी एकमेकांना विचारावे.