न्यायाच्या दारावरच्या बेड्या

दक्षिण फ्रान्समधल्या कोंक या डोंगरउतारावरच्या गावात संत फ्वा हिचं मध्ययुगीन चर्च आहे. आत शिरण्याआधी पश्चिम दाराशी थांबून वर पाहावं. दारावरच्या अर्धवर्तुळात बाराव्या शतकातल्या शिल्पकारांनी अंतिम न्यायाचा दिवस कोरला आहे. मधोमध ख्रिस्त, उजवा हात उंचावलेला, डावा खाली. त्याच्या उजवीकडे अब्राहमच्या भोवती शांत बसलेले पुण्यात्मे, तर डावीकडे नरकाची झुंबड: घोड्यावरून उलथलेला सरदार, गळ्यात थैली घेऊन लटकणारा कंजूष.

नजर आधी नरकाकडे धावते. शिल्पाचा प्राण मात्र पुण्यात्म्यांच्या वरच्या चिंचोळ्या त्रिकोणात आहे. तिथे एक लहानशी आकृती दंडवत घालते आहे आणि ढगातून आलेला देवाचा हात तिच्याकडे झुकला आहे. हीच संत फ्वा. परंपरेनुसार चौथ्या शतकाच्या आरंभी हुतात्मा झालेली कोवळी मुलगी. नवव्या शतकात कोंकच्या एका मठवासीयाने तिच्या अस्थी आझां शहरातून चोरून इथे आणल्या. बंदिवानांना सोडवणारी म्हणून तिची कीर्ती पसरली आणि सुटलेले लोक आपल्या बेड्या इथे वाहू लागले. तिच्यामागच्या कमानींना शिल्पकाराने त्याच बेड्या टांगल्या आहेत. विश्वाच्या निवाड्यात त्याने आपल्याच चर्चचं अंतरंग कोरलं.

चर्चलगतच्या खजिन्यात तिची दुसरी प्रतिमा आहे. तिच्या अस्थींसाठी घडवलेली ही लाकडी मूर्ती सोन्याने मढवलेली आहे. तिचं मस्तक उत्तर-रोमन काळातलं आणि अंगभर भाविकांनी वाहिलेली रत्नं. सिंहासनावर ताठ बसून ती टक लावून पाहते. अकराव्या शतकात बर्नार्ड या विद्वान धर्मगुरूला ती आधी निव्वळ मूर्तिपूजा वाटली. पुढे त्यानेच तिच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहिला.

एकाच मुलीची ही दोन रूपं एकमेकांना पूर्ण करतात. भक्तांपुढे ती राणी आहे, देवापुढे याचक. सोन्यातली फ्वा घेते, दगडातली मागते. आणि मागते ती इतरांसाठी. म्हणूनच दारावरचा तो छोटा त्रिकोण मला साऱ्या नरकाहून प्रभावी वाटतो. पापाची शिक्षा अनेक चर्चच्या दारांवर कोरलेली आहे. इथल्या शिल्पकाराने न्यायाच्या दरबारात सुटकेचा पुरावाही मांडला.