वाटणी करणाऱ्याचा दोष : लिअरचे चार चित्रपट

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'विषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक वादळातल्या प्रवेशाबद्दल, नाही तर मृत कॉर्डेलियाला हातांवर घेऊन येणाऱ्या बापाबद्दल असते. ते स्वाभाविकही आहे. रंगभूमीवर त्याहून हृदयद्रावक असे फारसे काही घडलेले नाही. परंतु या नाटकावरचे चित्रपट पुनःपुन्हा पाहताना माझे मत असे होत गेले, की शोकांतिकेची खरी कसोटी शेवटच्या प्रवेशात नसून पहिल्या प्रवेशात आहे. म्हातारा राजा नकाशा मागवतो, राज्याचे तीन वाटे करतो आणि प्रत्येक वाट्याची किंमत म्हणून मुलींकडून भर दरबारात प्रेमाची कबुली मागतो. धाकटी मुलगी ती किंमत मोजायला नकार देते, तेव्हा तिला बेदखल करतो. राज्य देऊन टाकतो, पण राजेपण मात्र स्वतःकडे ठेवतो. शंभर स्वारांचा लवाजमा घेऊन महिनामहिना मुलींकडे राहणार, अशी त्याची अट असते. पुढे जे घडते त्याचे बी येथे पेरले गेले आहे, आणि ते पेरणारा हात लिअरचाच आहे. दिग्दर्शक या प्रवेशाचे काय करतो, यावरून त्याचा चित्रपट शोकांतिका आहे की नुसतीच करुण कहाणी आहे, हे ठरते.

हे मी माळव्यात बसून लिहितो आहे, आणि या विषयात त्याला थोडे महत्त्व आहे. आमच्या देवासची वाटणी ही नाटकातली गोष्ट नव्हे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंकडे हे गाव आले आणि त्यांच्या वंशात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदू लागली. १९४८ साली ती मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा प्रकार चालू होता. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'द हिल ऑफ देवी' (१९५३) या पुस्तकात त्याचे गमतीदार वर्णन आहे. दरबार दोन, फौजा दोन, पाणीपुरवठादेखील दोन; गावावरची देवीची टेकडीसुद्धा वाटून घेतलेली. टेकडीवर तुळजाभवानी ही थोरली माता आणि चामुंडा ही धाकटी माता. लोक त्यांना बहिणी मानतात, आणि त्या दोघींतही एकदा बिनसले होते अशी कथा सांगतात. नकाशावरची रेघ गावातून, शेतातून आणि शेवटी माणसांतून कशी जाते, हे सीमाभागातल्या वाचकांना मी सांगायला नको.

फॉर्स्टर ज्यांच्या पदरी होते ते तिसरे तुकोजीराव. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे ते जावई. पण तो संसार टिकला नाही. १९२७ साली युवराज विक्रमसिंह बापाचे घर सोडून निघून गेले. संस्थान कर्जात बुडाले, इंग्रज सरकारचा रोष झाला, आणि १९३३च्या अखेरीस महाराज स्वतःच राज्य सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेले. तेथेच १९३७ साली त्यांचा अंत झाला. घर सोडलेले युवराज पुढे १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि छत्रपती शहाजी झाले. ही हकिकत वाचताना लिअरची आठवण होते. पण मला महत्त्वाची वाटते ती फॉर्स्टर यांची दृष्टी. तुकोजीरावांवर त्यांनी जिवापाड प्रेम केले आणि त्यांना संत म्हणण्यापर्यंत मजल मारली. परंतु त्यांच्या कारभारातला गोंधळ आणि पैशाबाबतचा बेहिशेबीपणा लपवला नाही. एखाद्यावर प्रेम करणे आणि त्याला निर्दोष ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिअरवर चित्रपट काढणाऱ्याला नेमका हाच फरक सांभाळावा लागतो.

धारची परंपरा याच्या उलट टोकाची आहे. 'भोजप्रबंधा'तली मुंज-भोजाची कथा आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. राज्याच्या लोभाने चुलता मुंज लहानग्या भोजाला अरण्यात नेऊन मारण्याची आज्ञा करतो. वत्सराजाला दया येते, तो खोटे मस्तक आणून दाखवतो. पोराने लिहून पाठवलेला श्लोक वाचून मुंजाला पश्चात्ताप होतो, तो अग्निप्रवेशाला निघतो आणि भोज जिवंत परत येतो. शोकांतिका उंबरठ्यावरून परत फिरते. ही केवळ आपली भारतीय हळवी वृत्ती आहे, असे कुणी समजू नये. खुद्द इंग्लंडात नाहुम टेट याने १६८१ साली लिअर सुखान्त केला. त्यात लिअरला राज्य परत मिळते, कॉर्डेलियाचे एडगरशी लग्न होते, आणि विदूषकाला तर नाटकातून काढूनच टाकले आहे. १८३८ साली मॅक्रेडीने मूळ नाटक विदूषकासह पुन्हा उभे करीपर्यंत तेथील रंगभूमीवर या टेटच्या लिअरचेच राज्य होते.

आज कुणी लिअरला वाचवीत नाही. तथापि शोकांतिका बोथट करण्याचा याहून सूक्ष्म मार्ग आहे. नायकाला मरू द्यावे, पण त्याच्या हातून काही चुकले होते एवढेच पुसून टाकावे. चार चित्रपट मी या दृष्टीने ताडून पाहिले.

१९७१ साली दोन लिअर पडद्यावर आले, दोन्ही कृष्णधवल. पीटर ब्रूकचा लिअर डेन्मार्कच्या उत्तरेकडील जटलंडच्या बर्फात घडतो. पार्श्वसंगीत नाही, भरजरी दरबार नाही. पॉल स्कोफील्डचा राजा जवळजवळ न हलता, दगडी आवाजात राज्य वाटतो. ब्रूकचा मोठा धीटपणा असा, की गॉनेरिलची तक्रार त्याने खरी करून दाखवली. राजाचे स्वार तिच्या वाड्यात शिरून धुडगूस घालतात, मेजे उलथतात, आणि स्वतः राजाच त्यात पुढे असतो. असा बाप आणि असा लवाजमा घरी आला तर आपण काय केले असते, हा प्रश्न प्रेक्षकाला टाळता येत नाही. मात्र ब्रूक येथे एक किंमत मोजतो. त्याचे जग इतके गोठलेले आहे की त्यात माया उरतच नाही, आणि कॉर्डेलियाच्या मृत्यूने जे तुटायला हवे ते तुटण्यापूर्वीच गारठलेले असते.

ग्रिगोरी कोझिन्त्सेवचा रशियन लिअर बोरिस पास्तरनाकच्या भाषांतरावर आणि शोस्ताकोविचच्या संगीतावर उभा आहे. त्याची सुरुवात राजापासून होत नाही. खडकाळ वाटेने चाललेल्या भिकाऱ्या-लंगड्यांच्या तांड्यापासून होते. आत राज्याची वाटणी चालली आहे आणि बाहेर ज्यांची वाटणी होते आहे ती माणसे उभी आहेत. एवढ्या एका मांडणीने लिअरचा दोष घरगुती राहत नाही. युरी यार्वेत या किरकोळ अंगाच्या एस्टोनियन नटाचा राजा वादळात याच माणसांत येऊन पडतो, आणि आपण यांची कधी चिंता केली नाही, हे त्याला तेव्हा उमगते. आम्हां संस्थानी मुलखातल्या लोकांना हे विशेष कळावे. थोरल्या पातीचे काय झाले आणि धाकटीचे काय झाले, हे पुस्तकांत सापडते. दोन पात्यांच्या मधोमध ज्याचे शेत होते त्या शेतकऱ्याचे काय झाले, ते सहसा सापडत नाही.

तिसरा चित्रपट अकिरा कुरोसावाचा 'रान' (१९८५). येथे मुलींच्या जागी तीन मुलगे आहेत. कुरोसावाने शेक्सपिअरला एक साधा प्रश्न विचारला. हा म्हातारा राजा झाला कसा? याचा भूतकाळ काय? हिदेतोराने आयुष्यभर शेजाऱ्यांचे गड जाळले, त्यांची कुळे संपवली आणि त्यांच्याच लेकी आपल्या घरात सुना म्हणून आणल्या. त्यांतल्या एकीच्या भावाचे डोळे त्याने काढवले होते. राज्य वाटून झाल्यावर वादळात निवारा शोधत तो ज्या झोपडीत शिरतो, ती त्या आंधळ्या मुलाचीच निघते. तिसरा गड जळतो त्या प्रसंगी कुरोसावा तलवारींचे, किंकाळ्यांचे सारे आवाज बंद करतो आणि फक्त ताकेमित्सुचे संगीत ऐकवतो. जिन्यावरून वेडा झालेला हिदेतोरा खाली उतरत येतो. त्याच्याविषयी आपल्याला कणव वाटते, आणि हे त्यानेच कधी काळी इतरांना केले होते, हेही आपण विसरत नाही. या दोन भावना एकत्र धरून ठेवण्यात 'रान'चे मोठेपण आहे, आणि चौघांत मी त्यालाच अग्रस्थान देईन.

आता आपला चित्रपट. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' हे लिअरचे भाषांतर नव्हे. भाषांतर विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' (१९७४) या नावाने केले. शिरवाडकरांनी राजाचा नट केला, तीन मुलींऐवजी एक मुलगा आणि एक मुलगी ठेवली. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगमंचावर आणले. डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर होते आणि शांता जोग कावेरी. शिरवाडकरांचा बेलवलकर निष्पाप नाही. टाळ्यांची सवय जडलेला हा माणूस घरातही प्रेक्षक शोधतो. तो रांगडा आहे, मानी आहे, उधळ्या आहे. सर्वस्व देऊन टाकणे हीसुद्धा त्याची एक भूमिकाच आहे, आणि ती वठवताना बायकोच्या सावध शब्दांकडे तो लक्ष देत नाही. म्हणूनच रंगमंचावर त्याची स्वगते केवळ मुलांवरचा आरोप राहत नाहीत. ती थेट प्रेक्षागृहाकडे तोंड करून येतात, आणि टाळ्या वाजवणारे आपणही त्या आरोपात सापडतो.

महेश मांजरेकरांचा चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी आला. नाना पाटेकरांच्या अभिनयाबद्दल दुमत नाही. ज्या गावांत हे नाटक कधी पोचले नाही तेथे चित्रपटाने ते नेले, हे त्याचे श्रेय मानलेच पाहिजे. पण येथे कॅमेरा नटाच्या चेहऱ्याजवळ जातो, मागे संगीत दाटते, आणि प्रेक्षागृहाला उद्देशून केलेले स्वगत आपल्या सहानुभूतीची याचना होऊन बसते. सून आणि मुलगा ज्या अडचणी मांडतात त्यांना ब्रूकच्या गॉनेरिलसारखी बाजू मिळत नाही. त्या मांडताक्षणीच ते दोषी ठरतात. राजा परांजपे यांच्या 'ऊन पाऊस' (१९५४) पासून हिंदीतल्या 'बागबान' (२००३) पर्यंत कृतघ्न मुलांच्या गोष्टींची जी परंपरा आपल्या पडद्यावर आहे, तिच्यात लिअर अलगद विरघळून जातो.

या चित्रपटाचा अपवादात्मक भाग म्हणजे मूळ नाटकात नसलेला रामभाऊ. विक्रम गोखले यांनी साकारलेला हा जुना मित्र बेलवलकरांच्या तोंडावर त्यांचे नट म्हणून आणि माणूस म्हणून मोजमाप करतो. लिअरचा विदूषक नेमके हेच काम करतो. हे दोन म्हातारे समोरासमोर बसतात तेवढा वेळ चित्रपट खऱ्या शोकांतिकेच्या उंचीला जातो, कारण तेवढा वेळ बेलवलकरांना कुणीतरी जाब विचारत असते.

हा भेद केवळ समीक्षकाच्या वहीतला नाही. धार-देवासच्या जुन्या मराठी वाड्यांत आज दोन म्हातारी माणसे आणि दहा बंद खोल्या असे दृश्य नवे नाही. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला. वाडा विकायचा की ठेवायचा, कुणाच्या नावे करायचा, विकल्यावर आपण कुणाकडे राहायचे, या प्रश्नांवरून कितीतरी घरांत अबोला आहे. अशा घरांतून 'एकदा नटसम्राट बघ म्हणजे कळेल' हे वाक्य मुलांना ऐकवले जाताना मी ऐकले आहे. चित्रपटाचा असा चाबूक झाला की दोन्ही पिढ्या आपापल्या जागी घट्ट बसतात. म्हातारा रडतो, मुलगा फोन ठेवतो, आणि वाटणी करताना आपण नेमके काय मागितले होते, हा प्रश्न कुणी विचारत नाही. देताना आपण कोणती अट मनात ठेवली? प्रेमाची जाहीर कबुली कुणाकडून वदवून घेतली, आणि न बोलणाऱ्या धाकटीला काय दिले?

'रान' पाहून उठणाऱ्या बापाला हे प्रश्न पडतील. 'नटसम्राट' चित्रपट पाहून उठणाऱ्या बापाला ते पडतीलच असे नाही, जरी शिरवाडकरांच्या संहितेत ते आहेत. मराठीत लिअर पुन्हा पडद्यावर यायचा असेल, तर दिग्दर्शकाने वादळापूर्वीचा तो वाटणीचा दिवस सावकाश, कुणाचीही बाजू न घेता दाखवावा. त्यासाठी देवासइतके योग्य गाव मला तरी दुसरे दिसत नाही.